वेलपुऱ्याचं गरनाळं

तरसाली, बडोदे
१२ जानेवारी २०२५

ताई,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून कागदच बरा. तुझा अभिजित मजेत आहे. कारखान्यातून आला की जेवतो आणि लगेच स्टेशनवर पळतो. का पळतो, तेच सांगायला बसले आहे.

आमच्या खालच्या मजल्यावरची कोमल तुला आठवत असेल. दिवाळीत तू आली होतीस तेव्हा तिने तुझं ब्लडप्रेशर मोजलं होतं. ती करजणच्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि मेमू लोकलने ये-जा करते. मागच्या महिन्यात संध्याकाळी ती वेलपुरा स्टेशनवर उतरली आणि गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या भुयारी रस्त्यातून, घरी यायला निघाली. मध्यावर कोणीतरी मागून तिची ओढणी धरून खेचली. ती पडली, मनगट मोडलं. तिच्या ओरडण्याने तो माणूस पळाला. तो कोण होता हे तिला दिसलं नाही, कारण गरनाळ्यातला एकही दिवा शाबूत नव्हता.

वेलपुरा कसलं स्टेशन, ताई! एक तिकीटखिडकी, एक शेड आणि दोन फलाट. तरी त्याच्यावर कोणाचा काय राग आहे कळत नाही. बाकांच्या पट्ट्या उखडल्या आहेत, नळाच्या तोट्या चोरीला गेल्या आहेत, तिकीटखिडकीची काच दोनदा फुटली. भिंतींवर काय लिहिलं आहे ते मी इथे लिहीत नाही. कोमलने नोकरी सोडायचं ठरवलं, तेव्हा मला राहवलं नाही. आयुष्यभर मुलींना शाळेत पाठवा म्हणून पालकांच्या मागे लागले, आणि आता शिकलेली मुलगी गरनाळ्याला भिऊन घरी बसणार?

मी स्टेशनमास्तरांना भेटले. भला माणूस. म्हणाले, बेन, दिवे आम्ही लावतो, ते फोडतात. तुम्ही माणसं आणा, परवानगी मी आणतो. स्टेशनसमोर विक्रमसिंहभाईंचं फरसाणचं दुकान आहे. त्यांनी सोसायट्यांमधली माणसं जमवून एक मंडळ केलं. गेल्या रविवारी आम्ही झाडूनपुसून काढलं, भिंती रंगवल्या. रेल्वेच्या वायरमनने दिवे लावले आणि अभिजितने कारखान्यात सुटीच्या दिवशी बसून त्या दिव्यांना लोखंडी जाळ्या करून आणल्या. संध्याकाळच्या मेमूला आमच्यातले चार-पाच जण उभे राहतात आणि बायकांना गरनाळ्याच्या पलीकडे सोडतात. परवा कोमल पुन्हा कामावर गेली.

तिळगूळ पाठवला आहे. तब्येतीला जप.

तुझी
मोहना


देवास
२० जानेवारी २०२५

मोहना,

तिळगूळ पोचला. वड्या थोड्या कडक झाल्या आहेत, पाक पुढे गेला असणार.

तू निवृत्त झालीस तेव्हाच मी म्हटलं होतं, ही गप्प बसायची नाही. पण त्या अंधाऱ्या भुयारात तू स्वतः उभी राहतेस की काय? वयाचा विचार कर. अभिजित जातो त्याचं मात्र मला बरं वाटलं. लहानपणी खेळाच्या मैदानावर सुद्धा मागे उभा राहणारा मुलगा. त्याच्यावर कधी हात उचलावा लागला नाही की आवाज चढवावा लागला नाही. बाप गेल्यावर तर फारच मिटून गेला होता. तुझ्याकडे आल्यापासून माणसांत मिसळायला लागला.

इंदूरचं स्थळ पुढे सरकतं आहे. मुलीचं नाव आभा, शाळेत संगीत शिकवते. एप्रिलमध्ये ती मंडळी बडोद्याला येऊन मुलगा कसा राहतो ते बघतो म्हणाली आहेत. तुझ्या घराला रंग दे. स्टेशनला दिलास ना, मग घरालाही दे.

सरोजिनी


तरसाली
१६ फेब्रुवारी २०२५

ताई,

घराला रंग द्यायचं बघते. सध्या स्टेशनच्या भिंतीच पुन्हा रंगवाव्या लागणार आहेत.

पहिले काही आठवडे चांगले गेले. गरनाळ्यात उजेड होता, बायका हसत बोलत जात होत्या. मग एका सकाळी जाळ्या वाकवून दिवे फोडलेले दिसले. जाळी वाकवायला पहार लागते, हे पोरकटपणाने केलेलं काम नाही. आम्ही पुन्हा लावले. त्यांनी पुन्हा फोडले. गेल्या आठवड्यात आमच्या नव्या भिंतीवर काळ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘मास्तरबेन, घेर बेसो.’ म्हणजे घरी बसा. मी ते वाचलं आणि ब्रश आणायला गेले. परत आले तर अभिजित त्या अक्षरांसमोर नुसता उभा होता. मी हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही.

कोण करतं हे? कोणी म्हणतं भंगार चोरणारे, कोणी म्हणतं पलीकडच्या झोपड्यांतले, कोणी म्हणतं दारू पिऊन गरनाळ्यात बसणारे, त्यांचा अड्डा मोडला म्हणून चिडलेले. पोलीस येऊन बघून गेले. तक्रार लिहून घेतली.

आता मंडळातले तरुण काठ्या घेऊन येऊ लागले आहेत. मी विक्रमसिंहभाईंना म्हटलं, हे बरं नाही. ते म्हणाले, बेन, काठी दाखवायला असते. रात्री जेवताना मी अभिजितजवळही विषय काढला. तो म्हणाला, “मावशी, रंगाने कोणी सुधारत नाही.” इतकं बोलून उठला. ताट अर्धं तसंच.

माझं अक्षर वाकडं आलं आहे, ते मनावर घेऊ नकोस. अंगणात पाय घसरला आणि डोक्याला जरासं लागलं आहे. आता बरं आहे.

मोहना


देवास
२४ फेब्रुवारी २०२५

मोहना,

माझ्याशी खोटं लिहायला कधीपासून लागलीस? अभिजितने मोबाइलवर लिहून सगळं कळवलं आहे. तू पाय घसरून पडली नाहीस. गरनाळ्याच्या तोंडाशी कोणीतरी दगड मारला आणि तुझ्या कपाळाला टाके पडले. तो लिहितो, मावशीची साडी रक्ताने भिजली होती आणि मी तिला रिक्षात धरून बसलो होतो. माझ्या पोराने ते डोळ्यांनी पाहिलं आणि मला तू अंगण सांगतेस!

हे सगळं सोडून दे, असं मी लिहिणार होते. पण तुला ओळखते, तू सोडणार नाहीस. म्हणून दुसरं सांगते. काठ्यांना नावं ठेवू नकोस. जे दगड मारतात त्यांना रंगाचे डबे दाखवून भागत नाही. मी अभिजितला कळवलं आहे, काठीशिवाय तिथे जाऊ नकोस आणि मावशीला एकटं सोडू नकोस.

टाके कधी निघतात ते कळव. हळद घालून दूध घे.

सरोजिनी


तरसाली
११ मार्च २०२५

ताई,

टाके निघाले. जखम भरली आहे.

परवा संध्याकाळी स्टेशनवर एका माणसाला पकडलं. त्याला फार लागलं आहे, सरकारी दवाखान्यात आहे. पोलीस सगळ्यांचे जबाब घेत आहेत. माझा राहिला आहे, कारण पोलीस आले त्या वेळी मला चक्कर आली होती. अभिजितला काही इजा झालेली नाही.

यंदा होळीला पुरणपोळी करणार नाही. फार विचारू नकोस. सवडीने लिहीन.

मोहना


देवास
१५ मार्च २०२५

मोहना,

तुझं चार ओळींचं पत्र वाचून मी घाबरले, पण त्याआधीच अभिजितचा निरोप आला होता. तो माणूस पळताना गरनाळ्याच्या पायऱ्यांवरून पडला, असं त्याने लिहिलं आहे. पडला तर पडला. देवाने त्याला शिक्षा दिली असं समज. तुझं कपाळ फोडणारा तोच असेल. अशा माणसासाठी तू सणाचा स्वयंपाक का बंद ठेवतेस?

एकच विनंती. जबाब घ्यायला आले तर कमी बोल. तुला शाळेपासून सगळं सविस्तर सांगायची खोड आहे. आभाच्या घरचे पंधरा दिवसांवर आले आहेत आणि पोलीस, चौकी असले शब्द त्यांच्या कानावर जायला नकोत.

सरोजिनी


तरसाली
१९ मार्च २०२५

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच.

तो माणूस पडला नाही.

त्या संध्याकाळी मेमूला उशीर झाला होता. गरनाळ्यातले दिवे दुपारीच कोणीतरी फोडले होते. मी तिकीटखिडकीशी होते. अभिजित आणि मंडळातले आणखी काही तरुण पलीकडच्या तोंडाशी होते. पायऱ्यांजवळ एक माणूस उभा होता. हातात काठी, तोंडाला रुमाल बांधलेला. कोण आहेस, इथे काय करतोस, असं त्यांनी दरडावून विचारलं. एवढी पोरं अंगावर येताना बघून तो पळाला. पळाला म्हणजे तोच, असं सगळ्यांनी धरलं. पायऱ्यांवर त्याला गाठलं.

ओरडा ऐकून मी बॅटरी घेऊन धावले. माझ्या बॅटरीच्या उजेडात मला अभिजित दिसला. बाकीचे मारत होते, तोही मारत होता. तो माणूस खाली पडलेला होता आणि दोन्ही हात डोक्यावर धरून काहीतरी म्हणत होता. मी मोठ्याने म्हटलं, “अभिजित!”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं. आणि त्यानंतर आणखी एक काठी मारली.

ताई, बाकीचं सगळं मी कदाचित स्वतःला समजावू शकले असते. अंधार होता, संताप होता, माझ्या कपाळावरचं रक्त त्याच्या डोक्यात होतं. पण मला ओळखल्यानंतरची ती काठी मला झोपू देत नाही.

तेवढ्यात गाडी आली. कोमल उतरली आणि तिच्या मागून आलेली एक बाई त्या पायऱ्यांवरून किंचाळत खाली गेली. तिचं नाव कौशल्या. ती करजणच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते. तो तिचा नवरा, गोविंद, फरशा बसवण्याचं काम करतो. दिवसभर फरशी कापून धूळ जाते म्हणून तोंडाला रुमाल. दिवे फुटतात, बाया धास्तावतात, म्हणून तो नुकताच काठी घेऊन बायकोला न्यायला येऊ लागला होता. ताई, तो तिथे आमच्याच कामाला उभा होता.

त्याची डावी मांडी मोडली आहे. डोळ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. अजून नीट शुद्धीवर नाही.

दुसऱ्या दिवशी विक्रमसिंहभाईंच्या दुकानात सगळे जमले आणि ठरलं, तो पडला असंच सांगायचं. विक्रमसिंहभाई माझ्या घरी आले, हात जोडून म्हणाले, बेन, सगळ्यांच्या घरात तरुण मुलगे आहेत, तुमच्याही. कोमलला मी विचारलं, तू पाहिलंस ते सांगशील का? ती रडायला लागली. म्हणाली, मावशी, त्यांनी हे माझ्यासाठी सुरू केलं, मी त्यांच्यावर कशी उलटू?

सोमवारी मला चौकीत बोलावलं आहे. मी जे पाहिलं ते सांगणार आहे. अभिजितला काल सांगितलं. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “तुझ्यासाठीच केलं होतं.” त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही.

तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे लिहिलं.

मोहना


देवास
२२ मार्च २०२५

मोहना,

स्पीडपोस्टने पाठवते आहे, सोमवारच्या आत पोचावं म्हणून.

तू हे करणार नाहीस. अंधार होता, बॅटरीचा उजेड हलत होता, तुला चक्कर आली होती. यातलं काहीही खोटं नाही. एवढंच सांग आणि घरी ये. बाकीचे सगळे एक बोलत असताना तुझ्या एकटीच्या बोलण्याने त्या माणसाचा पाय जुळणार आहे का? माझ्या मुलाचं आयुष्य मात्र मोडेल.

त्याचा बाप गेला तेव्हा मी त्याला तुझ्या पदरात घातला. तू त्याला शिकवलंस, जेवू घातलंस, मी नाही म्हणत नाही. पण पोटचा असता तर तू चौकीची पायरी चढली असतीस का? नसतीस. मूल नाही म्हणून तुला खरं बोलणं सोपं जातं.

ही ओळ खोडावीशी वाटली होती. खोडत नाही.

सोमवारी तू बोललीस तर मला बहीण नाही असं मी समजेन.

सरोजिनी


तरसाली
२६ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र सोमवारी सकाळी आलं. मी ते वाचलं, देवासमोर ठेवलं आणि चौकीत गेले. जे पाहिलं ते सांगितलं. अभिजितचं नाव सांगितलं. बाकीच्यांचीही.

तू लिहिलंस ते खरं असेल. पोटचा असता तर काय केलं असतं, हे मला खरोखर माहीत नाही. पण सोपं गेलं नाही एवढं मला माहीत आहे. साहेबांनी विचारलं, हा अभिजित तुमचा कोण? मी म्हटलं, माझा मुलगा. मग मला सुधारून सांगावं लागलं.

घरी आले तर त्याची खोली रिकामी होती. पोलीस त्याला शोधत आहेत. माझ्या दारावर कोणीतरी शेण फासून गेलं. विक्रमसिंहभाईंनी दुकानातून मला सामान देणं बंद केलं आहे. मेमूला आता कोणी उभं राहत नाही. मी राहते.

तो तुझ्याकडे आला आहे का? जिवंत आहे एवढं तरी कळव.

मोहना


देवास
५ एप्रिल २०२५

अभिजित इथे नाही. इंदूरच्या मंडळींनी नकार कळवला, तुला समाधान झालं असेल.

त्याच्या दम्याच्या पंपाचं नाव काय आणि दिवसातून किती वेळा घ्यायचा, ते लिहून पाठव. त्याच्या जुन्या फायली आवरते आहे, त्यासाठी हवं आहे.

सरोजिनी


तरसाली
९ एप्रिल २०२५

ताई,

पंप सोबत पाठवला आहे. सकाळी आणि झोपताना, दोन दोन वेळा ओढायचा, नंतर चूळ भरायची. तो ते विसरतो.

अभिजित तिथे नाही, हे मी वाचलं. पोलिसांनी अजून मला काही विचारलेलं नाही. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हे तुला माहीत आहे.

गोविंद शुद्धीवर आला. डावा डोळा गेला.

मोहना


देवास
२ मे २०२५

मोहना,

अभिजित इथेच होता. तो आला त्या पहाटेपासून मागच्या खोलीत होता. दारावर कोणी आलं की मी आधी खिडकीतून बघायची, मग त्याला खूण करायची. शेजारच्या प्रेमलावहिनी वाटीभर साखर मागायला आल्या तरी मी त्यांना दारातच उभं करायची. त्याला सांगितलं होतं, केबलवाला, दूधवाला, कोणालाही दिसू नकोस. तो दिसत नव्हता. मलासुद्धा दिसेनासा झाला होता. ताट सरकवायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा.

तुझं पंपाचं पत्र आलं तेव्हा मी खूप चिडले. मग ते त्याच्या हातात दिलं. डोळ्याची ओळ त्याने वाचली. त्या दिवसानंतर त्याने पंपही ओढला नाही. एका दुपारी धाप लागली, ओठ निळे पडायला लागले. मी जबरदस्तीने पंप तोंडाला लावला. श्वास स्थिरावल्यावर तो काहीतरी पुटपुटला. मला ऐकू येईना. मी म्हटलं, मोठ्याने बोल. तो पुन्हा बोलला, मला पुन्हा कळेना. तुला माहीत आहे, माझ्याशी ओरडूनच बोलावं लागतं. शेवटी तो ओरडला, “आई, तो पडला नाही. मी मारलं. मावशीने हाक मारली तरी मारलं.”

सगळी गल्ली ऐकेल इतक्या मोठ्याने. प्रेमलावहिनींच्या घरातला टीव्ही बंद झाला.

मी लगेच दार उघडून बाहेर बघितलं. खरं सांगते, मला त्या क्षणी त्या माणसाच्या डोळ्याची नाही, शेजाऱ्यांनी ऐकलं का याची काळजी पडली होती. मग परत आत आले तर माझा मुलगा कितीतरी आठवड्यांनी उठून बसलेला होता. पाणी मागितलं. भात मागितला. मी भात लावला. तो जेवला. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला कळलं, की मी त्याला लपवत नव्हते, कोंडत होते.

काठी घेऊन जा, असं मी त्याला लिहिलं होतं. त्याची त्याने मला आठवण करून दिली नाही. माझं मलाच आठवत राहतं.

जेवण झाल्यावर त्याने विचारलं, “मावशीला काय सांगू?” मी म्हटलं, मावशीला काही सांगू नकोस, पोलिसांना सांग.

उद्याच्या गाडीने आम्ही निघतो. स्टेशनवरून थेट चौकीत जाणार. हे पत्र तुला मिळेल तोवर तो आत असेल. तू आमच्या वाटेवर येऊ नकोस. तुला बघितलं की माझे पाय मागे फिरतील अशी मला भीती आहे.

सरोजिनी


तरसाली
२० जुलै २०२५

ताई,

एकाच शहरात राहून पत्रं लिहिणाऱ्या बहिणी बडोद्यात दुसऱ्या नसतील. पण अभिजितच्या जामिनाची अट आहे, साक्षीदारांना भेटायचं नाही, आणि मी साक्षीदार आहे. वकील म्हणतात तुम्ही दोघींनीही भेटू नका, उगाच बोलायला जागा नको. तेव्हा जामीन झाल्यापासून तू त्याच्याबरोबर राहतेस त्या बाजव्याच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता या पाकिटावर घालताना मला कसंसंच होतं. रिफायनरीच्या वासाने त्याचा दमा वाढत नाही ना? दर आठवड्याला चौकीत हजेरीला तो बसने जातो, हे कोमलने सांगितलं. तिला तो लांबून दिसला होता. कोमलनेही नंतर जबाब दिला, हे तुला वकिलांकडून कळलं असेल. तिच्या मागोमाग मंडळातल्या दोघांनी आपले आधीचे जबाब बदलले.

स्टेशनवर आता रेल्वेने दोन शिपाई नेमले आहेत, कॅमेरेही बसले. भंगाराच्या दोघा चोरांना पकडलं, तोट्या आणि तारा त्यांनीच नेल्या होत्या. दगड कोणी मारला ते मात्र कळलं नाही. कळेल असं मला वाटत नाही. मेमूला आता आम्ही बायकाच उभ्या राहतो. मंडळाची एकच अट ठेवली आहे, रिकाम्या हाताने यायचं. ज्यांना मान्य नव्हती ते गेले. विक्रमसिंहभाई परवा आले, चहाची किटली ठेवून गेले.

खरी गोष्ट सांगायची ती ही. कौशल्या पुन्हा कामावर जाऊ लागली आहे. इतके दिवस ती गाडीतून उतरली की माझ्याकडे न बघता जायची. दवाखान्यात मी नेलेला डबाही तिने कधी उघडला नव्हता, तसाच परत द्यायची. काल ती उतरली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. गोविंद आता वॉकर घेऊन दारापर्यंत येतो, असं तिने स्वतःहून सांगितलं. फरशीचं काम त्याला पुन्हा जमणार नाही. मग तिने विचारलं, तो तुमचा भाचा कुठे आहे? मी म्हटलं, आईजवळ आहे, कोर्टाची तारीख लागायची आहे.

“कोर्ट तेनुं काम करशे,” ती म्हणाली, म्हणजे कोर्ट आपलं काम करील. “पण त्याला सांगा, एकदा माझ्या घरी यावं. त्याला दिसलं पाहिजे त्याने काय केलं. माझ्या माणसालाही दिसलं पाहिजे कोणी केलं. अर्धंच दिसतं त्याला आता.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती सरळ बोलली आणि निघून गेली.

जामिनाच्या अटीमुळे मला हे अभिजितला कळवता येत नाही, आणि कोणाकरवी कळवलं तरी माझ्या तोंडून ते जाऊ नये असं वाटतं. माझ्याकडून त्याने आजवर पुष्कळ ऐकलं. हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू त्याची आई आहेस.

मोहना


बाजवा
१४ ऑगस्ट २०२५

मोहना,

तुझं पत्र मी दोन दिवस उशीखाली ठेवलं. नाही सांगायचं असं ठरवलं होतं. मग तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना सांगून टाकलं, कौशल्याच्या शब्दांत, एकही शब्द न गाळता. तो बराच वेळ गवारीच्या शेंगांचे दोर काढत बसला. नंतर म्हणाला, जाईन.

वकील नको म्हणाले. तुम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. अभिजित म्हणाला, मी केलेलाच आहे. शेवटी त्यांनी कोर्टाकडे परवानगी मागितली. पोलीस सोबत असतील आणि गोविंदची हरकत नसेल तर जाऊ देतो, असं न्यायाधीशांनी सांगितलं. गोविंदने हो म्हटलं आहे. पुढच्या रविवारी जायचं.

काय बोलू, असं तो मला रोज विचारतो. मी सांगत नाही, कारण मला माहीत नाही.

तुला मी जे लिहिलं होतं, मूल नाही म्हणून, ते मी तेव्हा खोडलं नाही. आता पत्र तुझ्याकडे आहे. तूच खोड.

रविवारी मी त्याच्याबरोबर जाणार आहे. दारापर्यंत. आत त्याने एकट्याने जायचं.

सरोजिनी